लक्षद्वीपच्या लगूनकाठी निवांत मुक्काम: आधी काय ठरवावे, नंतर काय

लक्षद्वीपहून परतलेल्या ओळखीच्या मंडळींना "कसे झाले?" असे विचारले की बऱ्याच जणांचे पहिले वाक्य "छान झाले, पण दमलो" असे असते. लगूनच्या काठावर चार दिवस शांत बसायला गेलेला माणूस दमून परत येतो, तेव्हा चूक बहुधा तयारीच्या क्रमात झालेली असते. विमान स्वस्त दिसले म्हणून तिकीट काढले, मग बेट शोधले, मग राहण्याची जागा शोधली आणि परवाना लागतो हे सर्वांत शेवटी कळले, या वाटेने गेलेल्याची सुटी अर्ज, फोन आणि तारखांची जुळवाजुळव यांतच संपते. पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच पार पाडावेत. एक टप्पा पक्का झाल्याशिवाय पुढच्यासाठी पैसे भरू नयेत.

लगून या शब्दासाठी आपल्या भूगोलाच्या पुस्तकांत खारकच्छ असा शब्द आहे, पण बेटावर आणि आरक्षण करताना सगळे लगूनच म्हणतात, म्हणून येथेही तोच शब्द ठेवला आहे. प्रवाळभित्तीने समुद्रापासून अडवलेले उथळ, संथ पाणी म्हणजे लगून. लाटा बाहेर भित्तीवर फुटतात, आत फक्त हलकी चुळबुळ राहते. लक्षद्वीपच्या बहुतेक बेटांवर हे पाणी पश्चिमेला आहे आणि पूर्वेला खुला समुद्र जवळ येऊन आदळतो. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुढचे बरेच निर्णय सोपे होतात.

टप्पा १: महिना ठरवा

डिसेंबरचा मध्य ते मार्चअखेर हा काळ सर्वांत भरवशाचा असतो. वारा कमी असतो, पाणी नितळ असते आणि बोटी वेळेवर सुटण्याची शक्यता अधिक असते. एप्रिलचा पहिला पंधरवडाही चालतो, मात्र दमट उकाड्याची तयारी हवी. मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे समुद्र खवळलेला असतो, आणि लगून नेमके पश्चिमेला असल्यामुळे लाटा भित्ती ओलांडून आतले पाणीही गढूळ करतात. पावसाळ्यात खोली स्वस्त मिळते हे खरे, परंतु तुम्ही ज्यासाठी जाता ते संथ, निळे पाणी त्या दिवसांत नसते.

आपल्याकडची सर्वांत सामान्य चूक म्हणजे दिवाळीची सुटी. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा अरबी समुद्रातील चक्रीवादळांचाही काळ असतो. २०१७ मध्ये नोव्हेंबरच्या शेवटी उठलेल्या ओखी वादळाने डिसेंबरच्या सुरुवातीला ही बेटे झोडपली होती, तर २०२१ मध्ये तौक्ते मेच्या मध्यात आले होते. शाळेच्या सुट्यांमुळे दिवाळीशिवाय गत्यंतर नसेल, तर परतीनंतरचे दोन दिवस मोकळे ठेवा आणि रद्द केल्यावर पैसे परत मिळतील अशीच तिकिटे घ्या.

तपासा: निवडलेल्या तारखा रमजानमध्ये येतात का? सध्याच्या वर्षांत तो फेब्रुवारी-मार्चच्या आसपास येतो आणि दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. बेटांवरची बहुतांश वस्ती मुस्लिम आहे. त्या महिन्यात दिवसा गावातील खाण्याची ठिकाणे बंद असतात, त्यामुळे दुपारचे जेवण मुक्कामाच्या जागीच मिळेल याची आधी खात्री करून घ्यावी.

टप्पा २: बेट निवडा, आणि एकच निवडा

एकूण छत्तीस बेटांपैकी दहांवर वस्ती आहे, परंतु लगूनकाठच्या निवांत मुक्कामासाठी विचार करण्याजोगी नावे चार-पाचच आहेत.

अगत्ती येथे विमानतळ आहे, म्हणून पोहोचण्यास हे बेट सर्वांत सोपे. लगूनमध्ये समुद्रगवत चरणारी हिरवी कासवे मोठ्या संख्येने आहेत, आणि गावातल्या घरगुती निवासांत राहता येते. बंगारम येथे कायम वस्ती नाही. ते अगत्तीपासून बोटीने जेमतेम आठ-नऊ किलोमीटरवर आहे आणि शेजारच्या तिन्नकराबरोबर त्याचे लगून सामायिक आहे. शांतता हाच एकमेव हेतू असेल तर बंगारमला तोड नाही, पण मुक्काम महाग पडतो. कदमत हे सुमारे नऊ किलोमीटर लांब आणि रुंदीला जेमतेम अर्धा किलोमीटर असे चिंचोळे बेट आहे. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर लांबच लांब पसरलेले उथळ लगून नवख्यांना पोहण्यासाठी उत्तम आहे. मिनिकॉय दक्षिणेला एकटे पडलेले आहे. तेथे मलयाळम नव्हे तर महल भाषा बोलतात, १८८५ चे दीपगृह आहे आणि लगूनही ऐसपैस आहे, परंतु जहाजाशिवाय तेथे जाता येत नाही आणि जहाजाच्या फेऱ्यांप्रमाणे मुक्काम लांबवावा किंवा आखडावा लागतो. सरकारी नोकरीतल्या मोजक्या रजेवर निघालेल्याने मिनिकॉयच्या वाटेला जाऊ नये, असे माझे मत आहे.

नावावरून किंवा आकारावरून निवड करू नये. आंद्रोत हे या समूहातील सर्वांत मोठे बेट आहे आणि मुख्य भूमीलाही सर्वांत जवळ आहे, म्हणून नकाशा पाहणाऱ्याला ते सोयीचे वाटते. मात्र त्याला लगून जवळपास नाहीच.

इशारा: पाच दिवसांत तीन बेटे दाखवणाऱ्या जहाज-सहली वाईट नसतात, पण त्यांत रात्री जहाजावर जातात आणि दिवसा तुम्ही बोटीतून बेटावर व बेटावरून परत बोटीत असे चढ-उतार करीत राहता. ती बेटे पाहण्याची सहल झाली. मुक्काम हवा असेल तर एक बेट आणि किमान चार रात्री. त्यांपैकी पहिली रात्र प्रवासाच्या शिणवट्यात आणि शेवटची आवराआवरीत जाते, म्हणजे हाती खरे तीनच दिवस उरतात.

टप्पा ३: मुक्कामाची जागा, पश्चिमेचीच

जागा ठरवताना एकच प्रश्न पहिला विचारावा: खोली बेटाच्या कोणत्या बाजूला आहे? "समुद्रासमोर" हे उत्तर पुरेसे नाही. अर्धा-एक किलोमीटर रुंदीच्या बेटावर प्रत्येक खोली समुद्राजवळच असते. पूर्वेच्या खोलीपुढे खडकाळ किनारा, लाटांचा रात्रभर आवाज आणि पोहण्यास मनाई असे चित्र असते, तर पश्चिमेच्या खोलीपुढे वाळू, संथ पाणी आणि सूर्यास्त असतो. नकाशावरील खूण पाठवायला सांगा आणि ती उपग्रहाच्या चित्रावर पाहा. फिकट निळा पट्टा ज्या बाजूला रुंद दिसतो ती बाजू लगूनची.

त्यानंतर विचारायचे प्रश्न असे. परवान्याचे काम तेच करून देतात का, की अर्जासाठी केवळ आपले नाव देतात? धक्क्यावरून किंवा विमानतळावरून नेण्या-आणण्याची सोय दरात धरली आहे का? जेवण तिन्ही वेळचे आहे का? शाकाहारी असाल तर भाजी कोणती मिळेल? हा शेवटचा प्रश्न संकोच न करता विचारावा, कारण नारळ आणि मासळी वगळता जवळपास सर्व काही कोचीहून जहाजाने येते. जहाज दोन दिवस उशिरा आले तर ताटात भात, आमटीसारखे काही तरी आणि खोबरे एवढेच उरते. मासळी खाणाऱ्यांची मात्र चंगळ असते. आपण ज्याला कुपा म्हणतो तो ट्यूना येथे रोजचा आहे.

थोडी आगाऊ रक्कम भरून जागा धरून ठेवा. पूर्ण पैसे परवाना हाती येईपर्यंत भरू नका.

टप्पा ४: परवाना

सर्वाधिक चुका येथे होतात. लक्षद्वीप हा भारताचाच केंद्रशासित प्रदेश असला, तरी बाहेरच्या भारतीय नागरिकालाही तेथे जाण्यासाठी प्रवेश परवाना लागतो. प्रवेश आणि निवास यांवर निर्बंध घालणारे नियम १९६७ चे आहेत. पासपोर्टची गरज नाही, परंतु केवळ आधार कार्ड दाखवून चालत नाही. अर्ज लक्षद्वीप प्रशासनाच्या ऑनलाइन परवाना पोर्टलवर करायचा असतो. सरकारी किंवा मान्यताप्राप्त सहलीतून जात असाल तर हे काम बहुधा तेच करतात, स्वतंत्र जात असाल तर स्वतः करावे लागते. कागदांची यादी मधूनमधून बदलते, म्हणून अर्ज भरण्याच्या दिवशी पोर्टलवर दिलेली यादीच प्रमाण मानावी, मित्राने मागच्या वर्षी काय जोडले होते ते नव्हे.

कामाचा क्रम असा ठेवा.

१. सर्वांची ओळखपत्रे समोर ठेवून नावे ताडून पाहा. आधारवर "सुनीता र. देशपांडे" आणि तिकिटावर "सुनीता देशपांडे" अशा तफावती आपल्याकडे घरोघरी असतात. परवाना, तिकीट आणि ओळखपत्र यांवरील नाव अक्षरशः सारखे असले पाहिजे.

२. पोलीस चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र मागितले असेल तर ते सर्वांत आधी मिळवा. महाराष्ट्रात त्यासाठी ऑनलाइन अर्ज करून आपल्या पोलीस आयुक्तालयाकडून किंवा जिल्हा पोलीस कार्यालयाकडून पडताळणी होते. पारपत्र कार्यालयाकडून मिळणारे प्रमाणपत्र परदेशी जाण्यासाठी असते. ते काढण्यात तीन आठवडे घालवून नंतर कपाळावर हात मारणारे अनेक आहेत. अर्जात कारण विचारले जाते, तेथे "लक्षद्वीप प्रवेश परवान्यासाठी" असे स्पष्ट लिहावे. पत्ता सध्या राहत असलेल्या ठिकाणचा द्यावा. गावचा पत्ता दिला तर पडताळणी गावच्या पोलीस ठाण्याकडे जाते आणि तुम्ही पुण्यात बसून राहता.

३. त्यानंतर परवान्याचा अर्ज भरा. जेथे पाऊल ठेवण्याची शक्यता आहे अशा प्रत्येक बेटाचे नाव त्यात असले पाहिजे. परवाना बेटांच्या नावानिशी मिळतो, हे लोकांच्या लक्षात राहत नाही. आमच्या पहिल्या खेपेस सहल ठरवून देणाऱ्याने "बंगारम काय, शेजारीच आहे, होऊन जाईल" असे सांगितले आणि अर्जात केवळ अगत्ती लिहिले. अगत्तीच्या धक्क्यावर बोट उभी होती, पाणी काचेसारखे होते, बाकीचे लोक हसत-खिदळत चढत होते आणि आम्ही दोघे परवान्याच्या कागदाकडे पाहत उभे होतो. बोट सुटली. तो दिवस आम्ही धक्क्यावरच नारळपाणी पीत काढला, आणि खरे सांगायचे तर तोही वाईट गेला नाही, पण बंगारमसाठी भरलेले पैसे गेले ते गेलेच.

४. परवान्याच्या तारखांत प्रवासाच्या दोन्ही टोकांना एक-दोन दिवस अधिक मागा. परतीचे जहाज किंवा विमान रद्द झाले तर मुदत संपलेला परवाना घेऊन बेटावर अडकून पडण्यासारखे दुसरे अवघडलेपण नाही.

तपासा: परवाना हाती आल्यावर नावे, तारखा, बेटे आणि ओळखपत्राचा क्रमांक मोठ्याने वाचा. तीन छापील प्रती काढा. एक प्रवासात दाखवायला, एक बेटावर उतरल्यावर पोलीस ठाण्यात नोंद करताना, एक पिशवीच्या तळाशी. मोबाइलमधील प्रतीवर विसंबू नये.

हा सगळा टप्पा प्रवासाच्या आधी दोन महिने सुरू करावा. पंधरा दिवसांतही परवाना मिळाल्याची उदाहरणे सांगणारे भेटतील. त्यांचे अभिनंदन करावे आणि आपण दोन महिनेच धरावेत.

टप्पा ५: तिकिटे, परतीचे आधी

मुंबई-पुण्याहून नेहमीचा मार्ग कोचीमार्गे आहे. कोचीहून अगत्तीला विमानाने साधारण दीड तास लागतो. गोव्याच्या मोपा विमानतळावरून अगत्तीला थेट विमानसेवा २०२४ मध्ये सुरू झाली. सिंधुदुर्ग, कोल्हापूर आणि बेळगावकडच्या लोकांना ती विशेष सोयीची आहे, मात्र वेळापत्रक हंगामाप्रमाणे बदलते, म्हणून आपल्या तारखांना फेरी आहे का ते आधी पाहावे. रेल्वेने जायचे तर मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस पनवेलहून कोकण रेल्वेच्या मार्गाने एर्नाकुलमला जाते. नावात लक्षद्वीप असले तरी गाडी एर्नाकुलमलाच संपते, हे मुलांना आधीच समजावून सांगावे.

जहाज कोचीच्या विलिंग्डन बेटावरून सुटते आणि बेटाप्रमाणे चौदा ते वीस तास घेते. रात्र केबिनमध्ये काढून सकाळी डेकवरून पहिले बेट पाहणे हा अनुभव विमानात मिळत नाही, हे मान्य करूनही नवख्यांना माझा सल्ला असा की जाताना जहाज आणि येताना विमान घ्यावे. जाताना अंगात उत्साह असतो.

प्रथम परतीचे तिकीट पक्के करावे, कारण अगत्तीहून निघणाऱ्या जागा थोड्या असतात आणि त्या आधी भरतात. जाण्याचे तिकीट मिळाले आणि येण्याचे मिळाले नाही, तर मुक्कामाची लांबी तुमच्या हाती राहत नाही. दोन्ही तिकिटांच्या अलीकडे-पलीकडे कोचीत एक-एक रात्र ठेवा. कोचीचा नेडुम्बासेरी येथील विमानतळ विलिंग्डन बेटापासून चाळीसेक किलोमीटरवर आहे आणि वाहतुकीमुळे सहज दोन तास जातात. सकाळचे मुंबई विमान आणि दुपारचे जहाज अशी जोडणी कागदावर जमते, प्रत्यक्षात नव्हे.

इशारा: अगत्तीची धावपट्टी सुमारे १२०० मीटरचीच आहे, त्यामुळे लहान विमाने येतात आणि वजनाची काटेकोर मोजणी होते. सामान मागे राहून पुढच्या फेरीने येण्याचे प्रसंग घडतात. औषधे, चष्मा, परवाना आणि एक जोड कपडे हातातल्या पिशवीतच असावेत.

टप्पा ६: घरी करायची तयारी

सामानाची लांबलचक यादी देत नाही. पण चार गोष्टींवर वेळ घालवावा.

पहिली, पाण्याखाली पाहण्यासाठी डोळे आणि नाक झाकणारा काचेचा मास्क. भाड्याचा मास्क चेहऱ्याला बसला नाही तर लगूनमधला प्रत्येक तास डोळ्यांतले पाणी काढण्यात जातो. शक्य असल्यास स्वतःचा घ्या आणि दुकानातच पारखा: पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास आत ओढा आणि हात सोडा. मास्क काही क्षण तसाच चिकटून राहिला तर तो तुमचा. मिशा असतील तर वरच्या ओठावरून पाणी शिरते. तेथे थोडे पेट्रोलियम जेली लावावे. नव्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो, तो साध्या टूथपेस्टने दोन-तीनदा घासून काढला नाही तर काच सतत धुरकटते.

दुसरी, सराव. जवळच्या तरणतलावात आठ-दहा दिवस जाऊन स्नॉर्कलच्या नळीतून तोंडाने श्वास घेण्याची आणि नळीत शिरलेले पाणी जोरात फुंकून बाहेर टाकण्याची सवय करा. पोहता येत नसेल तरी लाइफ जॅकेट घालून चेहरा पाण्यात ठेवण्याची भीती घरीच घालवता येते.

तिसरी, ऊन. लांब बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट सर्वांत उपयोगी, कारण पाण्यावर पालथे तरंगताना पाठ आणि पोटऱ्या भाजून निघतात आणि गार पाण्यामुळे ते कळतही नाही. असा टी-शर्ट असला की उन्हापासून वाचवणारे मलम उघड्या भागांपुरतेच लागते, म्हणजे चेहरा, मान, पोटऱ्या आणि पावले. ते झिंक ऑक्साइडचे घ्यावे. पाण्याच्या वाढत्या तापमानामुळे येथील प्रवाळ १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले आणि २०२४ मध्ये पुन्हा तेच झाले. त्यात आपल्या अंगावरच्या रसायनांची भर नको.

चौथी, रोख रक्कम. समुद्राखालची केबल २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून इंटरनेट सुधारले आहे, तरीही एटीएम थोडी आहेत आणि नेटवर्क गेले की मोबाइलवरून पैसे देणे थांबते. मुक्कामाचा उरलेला खर्च भागेल एवढ्या सुट्या नोटा कोचीतूनच घ्या. शाकाहारी मंडळींनी मेतकूट, थालीपिठाची भाजणी, खाकरे आणि लोणच्याची छोटी बाटली घ्यावी. दारू घेऊ नये. बंगारम वगळता बेटांवर ती बंद आहे आणि सामानाची तपासणी होते.

टप्पा ७: जहाजातून बोटीत

विमानाने जाणाऱ्यांनी हा टप्पा सोडून पुढे जावे. जहाजाने जाणाऱ्यांनी दोनदा वाचावा, कारण संपूर्ण प्रवासातला खरा धोका याच पाच मिनिटांत असतो.

समुद्र लागणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतलेली गोळी जहाज सुटण्याआधीच घ्यावी, मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. रात्रीचे जेवण हलके ठेवावे, पोट रिकामे मात्र ठेवू नये. जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या बाजूला डोलणे कमी जाणवते.

अनेक बेटांवर मोठे जहाज धक्क्याला लागू शकत नाही. ते भित्तीबाहेर थांबते, त्याच्या कुशीतला दरवाजा उघडतो आणि खाली मोटरबोट येऊन लागते. बोट लाटेवर वर येते, खाली जाते. दरवाज्यात खलाशी उभा असतो, बोटीत दुसरा. तो तुमचा तळवा धरत नाही, मनगटाच्या वर घट्ट पकडतो, आणि तुम्हीही त्याचे मनगट तसेच पकडायचे असते. बोट सर्वांत वर आली की तो ओरडतो, आणि त्याच क्षणी पाऊल टाकायचे. लोक चुकतात ते येथे: बोट खाली जाताना पाहून घाबरून अर्धे पाऊल पुढे टाकतात किंवा ओरडल्यानंतर क्षणभर विचार करतात. विचार करायचाच नाही. हात मोकळे हवेत, म्हणून पिशवी पाठीवर असावी, मोबाइल खिशात बंद आणि पायात पट्ट्याच्या चपला. साडी नेसून हा उतार करणे अवघड आहे. आजींसाठी सलवार-कमीज सोबत ठेवावी. लहान मुलांना आई-बापांनी स्वतः उचलून बोटीत देऊ नये, खलाशीच त्यांना उचलून घेतात आणि तेच बरोबर करतात.

टप्पा ८: पहिला दिवस

उतरल्यावर परवान्याची प्रत पोलीस ठाण्यात देऊन नोंद करावी. निवासाचे मालक हे काम करून देत असतील तरी नोंद झाली का ते संध्याकाळी विचारावे. त्यानंतर त्या दिवशी पाण्यात उतरू नये. पोहोचल्याबरोबर उडी मारणारा माणूस झोप अपुरी, पोट रिकामे आणि भरती-ओहोटीचा पत्ता नाही अशा अवस्थेत असतो. त्याऐवजी पश्चिमेच्या वाळूत बसून एक पूर्ण भरती-ओहोटी पाहावी: पाणी कोठपर्यंत चढते, उतरल्यावर कोठे खडक उघडे पडतात, बोटी कोणत्या वाटेने भित्तीबाहेर जातात.

येथे कोकणातल्या लोकांची एक ठरावीक चूक होते. तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा आपला जुना हिशेब मुंबई-रत्नागिरीच्या किनाऱ्याला जुळतो, लक्षद्वीपला लावू नये, तेथील वेळा वेगळ्या आहेत. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते हे मात्र तेथेही खरे. नेमकी वेळ स्थानिक कोळ्याला विचारावी. मलयाळम येत नसेल तरी हाताने पाणी वर-खाली दाखवून घड्याळाकडे बोट केले की काम होते.

टप्पा ९: लगूनमध्ये उतरताना

उतरण्याची चांगली वेळ म्हणजे भरती पूर्ण होण्याच्या आधीचा तास आणि नंतरचा अर्धा तास. पाणी खोल असल्यामुळे पोट प्रवाळाला घासत नाही, आणि बाहेरचे स्वच्छ पाणी आत येत असल्यामुळे दूरचे दिसते. ओहोटीला गुडघाभर पाण्यात चालत जाण्याचा मोह सर्वांना होतो, आणि पावले कापून घेणारे बहुतेक त्याच वेळी कापून घेतात.

१. वाळूच्या पट्ट्यातूनच आत शिरा. गडद ठिपके म्हणजे प्रवाळ किंवा गवत, फिकट हिरवा पट्टा म्हणजे वाळू. पावले उचलून न टाकता वाळूवरून घासत पुढे न्या. वाळूत पुरून बसलेले पाकट (काटेरी शेपटीचा चपटा मासा) त्या हालचालीने निघून जाते, त्याच्यावर पाय पडला तर मात्र शेपटीचा काटा लागतो.

२. छातीभर पाण्यात थांबा, मास्क लावा, चेहरा पाण्यात घालून वीस श्वास मोजा. श्वास शांत झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. लगूनमध्ये घाबरणाऱ्यांचे कारण बहुतेक वेळा खोली नसून धाप असते.

३. आडवे झाल्यानंतर उभे राहायचे नाही. मास्कमध्ये पाणी आले म्हणून माणूस सवयीने पाय खाली टाकतो, आणि त्या एका पावलाखाली कित्येक वर्षांची वाढ मोडते. पाठीवर वळावे, तरंगत मास्क रिकामा करावा, पुन्हा पालथे व्हावे.

४. जाताना प्रवाहाच्या विरुद्ध आणि येताना प्रवाहाबरोबर. ताकद असताना अवघड बाजू संपवावी.

इशारा: भित्तीतल्या खिंडीजवळ जाऊ नका. ओहोटी लागली की लगूनमध्ये भरलेले सगळे पाणी त्या अरुंद वाटेने बाहेर पडते आणि चांगल्या पोहणाऱ्यालाही बरोबर नेते. त्याच वाटेने बोटीही जातात. एकट्याने उतरू नये, आणि पूर्व किनाऱ्यावर पाणी कितीही शांत दिसले तरी उतरू नये.

अगत्तीत कासवे पाहायची असतील तर समुद्रगवताच्या पट्ट्यावर, तीन-चार मीटर दूर, हातपाय न हलवता तरंगत राहावे. कासव खाली मान घालून गवत कुरतडत असते, अधूनमधून तोंडातून वाळूचा धुरळा सोडते, आणि मग कसलीही घाई न करता श्वास घ्यायला वर येते. त्याच्या वर आडवे येऊ नये, मागे लागू नये. पाठलाग केलेले कासव श्वास न घेताच पळते.

प्रवाळाने खरचटले तर जखम किरकोळ दिसली तरी पिण्याच्या पाण्याने भरपूर धुवावी, बारीक कण काढावेत, जंतुनाशक लावावे आणि दुसऱ्या दिवशी पाण्यात जाऊ नये. पाकटाचा किंवा स्टोनफिश या दगडासारख्या दिसणाऱ्या विषारी माशाचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवावा आणि तत्काळ दवाखाना गाठावा.

तपासा: बाहेर आल्यावर सावलीत बसून किमान अर्धा लिटर पाणी प्यायलात का? दुपारी अकरा ते तीन लगूनला सुटी द्यावी. झोपावे, वाचावे, काहीही करू नये. ज्यासाठी आलो ते हेच.

टप्पा १०: गावाची रीत

वस्तीच्या बेटांवर पोहण्याचे कपडे पाण्यापुरतेच. किनारा सोडताना अंगभर कपडे घालावेत, स्त्रियांनी आणि पुरुषांनीही. शुक्रवारी दुपारी दुकाने बंद असतात, बोटीचा बेत त्या वेळी ठेवू नये. माणसांची छायाचित्रे विचारून काढावीत. ड्रोन परवानगीशिवाय उडवू नये.

टप्पा ११: परतीचे दोन दिवस

स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन खोल बुडी, करणार असाल तर ते मुक्कामाच्या सुरुवातीला उरकून घ्या. अनेक बुड्या मारल्यानंतर विमानात बसण्यापूर्वी किमान अठरा तास जावे लागतात, आणि मी तर पूर्ण चोवीस तास ठेवतो. शेवटच्या सकाळी "एकच बुडी" मारून दुपारचे विमान पकडणे धोक्याचे आहे. स्नॉर्कल करून वरवर तरंगत राहिलेल्यांना ही अट नाही.

शिंपले, मेलेल्या प्रवाळाचे पांढरे तुकडे, समुद्रकाकडी यांपैकी काहीही पिशवीत घेऊ नये. प्रवाळ आणि समुद्रकाकडी यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे संरक्षण आहे, आणि परतताना सामान पुन्हा तपासले जाते. मुलांचे खिसे स्वतः तपासावेत, कारण मोठ्यांनी नाही म्हटलेले तुकडे नेमके तेथे सापडतात. प्लास्टिकच्या बाटल्या आणि वेष्टने परत कोचीला आणावीत. चिमुकल्या बेटावर ती टाकायला जागा नाही.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी विमान किंवा जहाजाची वेळ प्रत्यक्ष विचारून घ्या, परवान्याची उरलेली प्रत वरच्या कप्प्यात ठेवा, मास्क गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा आणि ओले कपडे वेगळ्या पिशवीत बांधा. कोचीत ठेवलेली मोकळी रात्र सगळे वेळेवर झाले म्हणून रद्द करू नका. अंगातला मीठ-वाळूचा थर उतरायला आणि घरी फोन करून "उद्या येतो" एवढे सांगायला ती लागतेच.